सिल्चेस्टरचे रोमन नगर पाहायला जाताना

ठाणे, ऐरोली, वाशी आणि खारघर या पट्ट्यातील अनेक घरांतली मुले-मुली नोकरीनिमित्त इंग्लंडमधील रेडिंग, स्लाव किंवा बेझिंगस्टोक या गावांत राहतात, आणि त्यांचे आईवडील उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे जातात. शनिवार-रविवारी मुले लंडन दाखवतात, एखादा राजवाडा दाखवतात, आणि आठवड्याचे बाकीचे दिवस आईवडील घरात बसून काढतात. अशा मंडळींसाठी, आणि पर्यटनाच्या ठरलेल्या यादीपलीकडचे काही पाहू इच्छिणाऱ्या कोणाहीसाठी, रेडिंगपासून साधारण पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या सिल्चेस्टरची ही माहिती लिहीत आहे. तिथे शेतांच्या मधोमध एका संपूर्ण रोमन नगराची तटबंदी उभी आहे. ती पाहायला एक पैसाही लागत नाही, आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिथे गर्दी नसते.

इंग्लंडमधील चारशेहून अधिक ऐतिहासिक स्थळांची देखभाल इंग्लिश हेरिटेज ही संस्था करते आणि त्यांपैकी अडीचशेहून अधिक स्थळे विनामूल्य आहेत. अशा स्थळी तिकीटखिडकी नसते, तसाच पहारेकरी, मार्गदर्शक, उपाहारगृह आणि बहुतेक वेळा स्वच्छतागृहही नसते. माहितीफलक असतात, पण मोजकेच. तिकीट काढून पाहण्याच्या जागी जे आयते हाती मिळते ते सारे इथे घरून न्यावे लागते. म्हणजे पाणी, जेवण, नकाशा आणि मुख्य म्हणजे आपण काय पाहणार आहोत याची आधीची ओळख. ही ओळख नसेल तर सिल्चेस्टर म्हणजे एक जुनी भिंत आणि आत भरपूर गवत एवढेच दिसते, आणि तसे सांगत परत आलेली माणसे मला भेटली आहेत. म्हणून मी या लेखात जाण्यायेण्याच्या तपशिलापेक्षा तयारीला आणि पाहण्याच्या रीतीला अधिक जागा देत आहे.

तयारी ठाण्यातूनच सुरू करावी

इंग्लंडला जाण्यापूर्वी एक दिवस काढून नालासोपाऱ्याचा स्तूप पाहून यावा, असा माझा आग्रह आहे. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने गाडीने जाता येते, किंवा दादरला गाडी बदलून विरार लोकलने नालासोपाऱ्याला उतरता येते. पश्चिमेला गेल्यावर स्थानिक लोक ज्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणतात ते ठिकाण विचारावे. तिथे विटांच्या बांधकामाचे अवशेष आहेत, उंचवटा आहे, झाडे आहेत. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी इथे उत्खनन केले, तेव्हा स्तूपाच्या गाभ्यातून दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक आणि आठ ब्राँझ बुद्धमूर्ती मिळाल्या. त्या वस्तू आज सोपाऱ्यात नाहीत. त्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. सोपाऱ्याला सापडलेला अशोकाचा शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. स्थळ एकीकडे आणि तिथल्या वस्तू दुसरीकडे, ही पुरातत्त्वीय स्थळांची नेहमीची स्थिती आहे, आणि दोन्ही पाहून मनात जुळवणे हेच पाहणाऱ्याचे मुख्य काम असते. सिल्चेस्टरला नेमके हेच करायचे आहे.

सोपाऱ्याचे आणखी एक महत्त्व आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या सागरी मार्गवर्णनात सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांचा उल्लेख येतो. रोमन साम्राज्याशी व्यापार करणारी जहाजे आपल्या किनाऱ्याला लागत होती आणि कल्याणचे व्यापारी कान्हेरीच्या लेण्यांना दान देत होते, त्याच सुमारास त्या साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटन बेटावर, सिल्चेस्टरचे नगर आकाराला येत होते. हे लक्षात ठेवून गेलेल्या ठाणेकराला तिथली भिंत अगदीच परकी वाटत नाही.

नगराची थोडक्यात ओळख

या नगराचे रोमन नाव कॅलेवा अट्रेबाटम. अट्रेबाटे या टोळीची ही राजधानी. रोमनांनी इसवी सन ४३ मध्ये ब्रिटनवर स्वारी केली, परंतु त्याआधीच, इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात, इथे खंदक आणि मातीचे बांध घातलेली मोठी वस्ती होती आणि इथला राजा स्वतःची नाणी पाडत होता. रोमन राजवटीत वस्तीला काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे रूप आले, मध्यभागी चौक आणि सभागृह बांधले गेले, स्नानगृह झाले, तटाबाहेर खेळांसाठी ॲम्फिथिएटर झाले. लंडन, विंचेस्टर, सायरेन्सेस्टर, बाथ या दिशांना जाणारे रस्ते इथून फुटत. इसवी सन २०० च्या सुमारास नगराभोवती मातीचा तट उभा राहिला आणि तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला बाहेरून दगडी भिंत घालण्यात आली. आज दिसते ती हीच भिंत. पाचव्या ते सातव्या शतकांच्या दरम्यान नगर ओस पडले आणि पुन्हा कधीही वसले नाही.

हे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. लंडन, बाथ, विंचेस्टर ही रोमन नगरे आजच्या शहरांच्या खाली गेली. आपल्या ठाण्याचेही तेच झाले. शिलाहारांचे श्रीस्थानक आजच्या ठाण्याच्या पायाखाली आहे आणि त्याचे पुरावे कोणी पाया खणला तरच वर येतात; १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जिथे कारागृह आहे तिथे, पाया खणताना राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा ताम्रपट मिळाला तो असाच. सिल्चेस्टरवर मात्र नंतर कोणी शहर बांधले नाही. तटाच्या आतली सुमारे शंभर एकर जमीन शेती आणि कुरण म्हणून राहिली, आजचे सिल्चेस्टर गाव त्याच्या पश्चिमेला थोडे दूर वसले, आणि म्हणून त्या गवताखाली एक संपूर्ण नगर अजून जागच्या जागी आहे.

आधी संग्रहालय, मग स्थळ

सिल्चेस्टरच्या वस्तू रेडिंगच्या संग्रहालयात आहेत. हे संग्रहालय जुन्या टाउन हॉलच्या इमारतीत, रेल्वे स्थानकापासून काही मिनिटांच्या अंतरावर आहे आणि तेही विनामूल्य आहे. आठवड्यातील कोणत्या दिवशी ते बंद असते हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. पुष्कळ लोक आधी स्थळ आणि मग संग्रहालय असा क्रम सांगतात. माझे मत याच्या उलट आहे. तटाच्या आत डोळ्यांना धरून ठेवणारे काहीच नाही, त्यामुळे तिथे उभे राहण्यापूर्वी मनात काही वस्तू, काही माणसे असली पाहिजेत, आणि ती संग्रहालयातच मिळतात.

सिल्चेस्टर दालनात गेल्यावर बहुतेकांचे लक्ष प्रथम ब्राँझच्या गरुडाकडे जाते. तो १८६६ मध्ये नगराच्या मध्यवर्ती सभागृहाच्या जागी सापडला. त्याचे पंख हरवले आहेत, तरी मानेचा ताठपणा आणि पिसांची कोरीव रेषा अजून स्पष्ट आहे. परंतु मला विचाराल तर सर्वाधिक वेळ भाजक्या मातीच्या फरशा आणि कौलांपाशी द्यावा. कच्च्या फरशा वाळत घातल्या असताना त्यांच्यावरून जनावरे चालून गेली, आणि भट्टीत भाजल्यावर ती पावले कायमची उमटून राहिली. कुत्र्याच्या पावलाचा ठसा जवळ जाऊन पाहावा. चार बोटांचे गोल खळगे, मागची त्रिकोणी गादी आणि बोटांच्या पुढे नख्यांनी ओली माती किंचित उचकटली आहे तिथे बारीक टोक, असे सगळे त्यात दिसते. त्या जागी माती थोडी वर सरकून कड तयार झाली आहे, त्यावरून कुत्रा कोणत्या दिशेने चालला होता हेही सांगता येते. नातवंडे बरोबर असतील तर त्यांना कौलांवरचे ठसे शोधायला लावावे. त्यांना दुसरे काही सांगावे लागत नाही.

ओघॅम लिपीत कोरलेला एक दगडी खांबही इथला आहे. तो १८९३ मध्ये एका विहिरीत मिळाला. उभ्या कडेवर मारलेल्या रेघांची ही लिपी मुख्यतः आयर्लंडमधली, त्यामुळे इंग्लंडच्या या भागात ती आढळणे विशेष मानले जाते.

स्वयंपाकघरात रमणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगतो. रेडिंग विद्यापीठाच्या उत्खननात इथल्या जुन्या विहिरींच्या गाळातून ऑलिव्हची बी, तसेच धणे आणि शेपूच्या बिया मिळाल्या, आणि ऑलिव्हची ती बी रोमन स्वारीच्या आधीच्या काळातली आहे. ब्रिटनच्या त्या थंड, ओल्या जमिनीवर राहणारी माणसे समुद्रापलीकडून आलेल्या चवी रोमनांच्या आधीच चाखत होती, हे त्या एका बीने सिद्ध केले.

जायचे कसे

मोटार असेल तर रेडिंगहून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत पोहोचता येते. तटबंदीपासून थोड्या अंतरावर छोटा वाहनतळ आहे, तिथून पायवाटेने चालत जावे लागते. शेवटचे रस्ते अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना उंच कुंपणे आहेत आणि समोरून ट्रॅक्टर आल्यास गाडी मागे घ्यावी लागते. म्हणून तिथल्या ग्रामीण रस्त्यांची सवय असलेल्या माणसाने गाडी चालवावी.

मोटार नसेल तर रेडिंगहून बेझिंगस्टोककडे जाणारी स्थानिक गाडी पकडावी. या मार्गावर मॉर्टिमर आणि ब्रॅम्ली ही दोन स्थानके जवळची आहेत आणि दोन्हींपासून तटबंदी साधारण चार ते पाच किलोमीटर चालण्याच्या अंतरावर आहे. आपल्याकडे येऊरला किंवा पारसिक हिलला पहाटे फिरायला जाणाऱ्यांना एवढे चालणे अवघड वाटणार नाही, परंतु येऊन-जाऊन आठ-दहा किलोमीटर आणि त्यात तटाची फेरी मिळवली तर दिवस भरतो, हे आधी मोजून घ्यावे. गाडीरस्त्यावर पदपथ नाहीत, म्हणून रस्त्याने चालणे टाळून शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांनी जावे. ज्यांना इतके चालणे शक्य नाही त्यांनी मोठ्या स्थानकावरून टॅक्सी घ्यावी आणि परतीची वेळ त्याच चालकाशी ठरवून ठेवावी, कारण तटापाशी उभे राहून टॅक्सी मिळत नाही.

पायवाटांसाठी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचा पंचवीस हजारांस एक या प्रमाणातला नकाशा उत्तम. त्यावर सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. या नकाशांची एक सुंदर पद्धत आहे. रोमन काळातील स्थळांची नावे एका वळणाच्या अक्षरात आणि इतर प्राचीन स्थळांची नावे जुन्या गॉथिक वळणात छापलेली असतात, त्यामुळे नुसत्या अक्षरावरून स्थळ कोणत्या काळातले ते कळते. प्रत्यक्ष जमिनीवर खांबांवर बाण असतात. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट आणि निळा बाण म्हणजे घोडे व सायकलींनाही मोकळी असलेली वाट. फोनची रेंज शेतांत जाते-येते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि शक्य असल्यास कागदी नकाशाही जवळ बाळगावा.

तटाची फेरी

तटबंदीचा घेर अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. सावकाश पाहत गेल्यास फेरीला दीड-दोन तास लागतात. सुरुवात पूर्वेकडच्या सेंट मेरी चर्चपासून करावी, असे मी सुचवीन. बाराव्या शतकातील हे छोटे चर्च तटाच्या अगदी आत, पूर्व दरवाजाच्या जागेजवळ उभे आहे आणि त्याच्या आवाराखाली रोमन काळातील देवळांचे पाये सापडले आहेत. ओसाड पडलेल्या शंभर एकरांत नंतरच्या माणसांनी बांधण्यासाठी नेमकी तीच जागा निवडली. चर्च उघडे असल्यास आत जाऊन यावे; तिथे आजही उपासना होते, म्हणून देवळात वागतो तसेच वागावे.

चर्चपासून दक्षिणेकडे भिंतीच्या बाजूने चालू लागावे. दक्षिण दरवाजाच्या परिसरात भिंत सर्वांत चांगली टिकली आहे आणि काही ठिकाणी तिची उंची चार मीटरहून अधिक आहे. इथे थांबून भिंत वाचावी. ती मुख्यतः चकमकीच्या दगडांची आहे. हा दगड या भागातल्या खडूच्या जमिनीत गोळ्यांच्या रूपात मिळतो. बाहेरून पांढरट साल असते आणि फुटला की आतून काळा, काचेसारखा चकचकीत दिसतो. मुठीएवढे, वेडेवाकडे गोळे चुन्यात बसवून भिंत रचायची म्हटली की अडचण येते, कारण त्यांना सपाट बाजू नसते आणि ते एकमेकांना धरून राहत नाहीत. म्हणून चकमकीचे काही थर झाले की रुंद, चपट्या दगडांचा एक आडवा थर घातलेला दिसतो. हा थर खालची ओबडधोबड रचना सपाट करतो, भिंतीच्या दर्शनी भागाला आतल्या भरावाशी बांधतो, आणि वरच्या थरांना पाया देतो. थोडे मागे सरकून पाहिले की हे आडवे पट्टे भिंतीच्या पूर्ण लांबीवर एका पातळीत धावताना दिसतात. आज आपल्याला दिसते ती बहुतांशी भिंतीची आतली भरणी आहे, कारण दर्शनी बाजूचे घडीव दगड नंतरच्या शतकांत लोकांनी बांधकामासाठी काढून नेले. तळाशी भिंतीची जाडी सुमारे तीन मीटर आहे, यावरून मूळ रूपाची कल्पना करावी.

भिंतीवर चढू नये. सतरा शतकांहून जुना चुना पावसाने मऊ झालेला असतो आणि एका माणसाच्या वजनानेही दगड सुटू शकतात.

भिंतीच्या आतल्या बाजूला जमीन तटाला लागून चढत जाते. तो उतार म्हणजे आधीच्या शतकातला मातीचा तट. दगडी भिंत त्याला टेकून उभी आहे. बाहेरच्या बाजूला खंदक भरून आला असला तरी जमिनीतला खोलगट पट्टा अजून जाणवतो. माती, दगड आणि खंदक ही तिन्ही एका जागी उभे राहून पाहता येतात, आणि नगराची भीती व ऐपत दोन्ही कशी वाढत गेली ते त्यांवरून समजते.

पुढे पश्चिमेकडून उत्तरेकडे वळताना नगराच्या मधून जाणारी पायवाट लागते. तिच्यावरून मध्यभागापर्यंत जाऊन यावे. चहूकडे गवत असते, कधी गुरे चरत असतात. इथे चौक होता, इथे सभागृह होते, इथे तो गरुड मिळाला. १८९० ते १९०९ या काळात सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या संस्थेने तटाच्या आतला जवळजवळ सगळा भाग खणून दगडी इमारतींचा आराखडा काढला. त्या काळी खणणारे दगडी भिंतींचा माग घेत असत, त्यामुळे लाकडी घरांच्या खुणा, म्हणजे खांबांच्या खड्ड्यांतली काळपट माती, त्यांच्या नजरेतून सुटली. पुढे १९९७ ते २०१४ या काळात रेडिंग विद्यापीठाने मायकेल फुलफर्ड आणि अमांडा क्लार्क यांच्या नेतृत्वाखाली नगरातल्या एकाच चौकोनी विभागात दर उन्हाळ्यात संथपणे काम केले, आणि त्या सुटलेल्या लाकडी नगराची गोष्ट उलगडली. काम संपल्यावर सर्व खड्डे मातीने बुजवले गेले. उघडे पडलेले अवशेष पावसाने आणि थंडीने झिजतात, मातीखाली ते सुरक्षित राहतात. म्हणून आज दिसणारे गवत हेच या नगराचे संरक्षण आहे.

गवतही वाचता येते. जुन्या भिंतीवर किंवा रस्त्याच्या खडीवर मातीचा थर पातळ असतो, तिथे ओलावा कमी टिकतो आणि कोरड्या उन्हाळ्यात तिथले गवत सर्वांत आधी पिवळे पडते. बुजलेल्या खंदकावर किंवा खड्ड्यावर माती खोल असते, तिथे गवत अधिक काळ हिरवे राहते. पाऊस न पडता दोन-तीन आठवडे गेले असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये उंच जागेवरून पाहताना काटकोनात छेदणारे पिवळसर पट्टे दिसू शकतात. ते त्या नगरातले रस्ते होत. हिवाळ्यात हे पट्टे दिसत नाहीत, पण सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जमिनीवरचे लहान चढउतार सावल्यांमुळे उठून दिसतात आणि झुडपांची पाने झडल्याने भिंतही अधिक उघडी होते. मला स्वतःला हिवाळ्याची दुपार अधिक आवडते, मात्र डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि वाटेवर दिवे नसतात, हे ध्यानात ठेवून अंधारापूर्वी स्थानक गाठता येईल असे निघावे.

फेरीच्या शेवटी तटाबाहेर ईशान्येला ॲम्फिथिएटर आहे. लंबवर्तुळाकार खोलगट मैदान, त्याभोवती मातीचा उंच बांध, बांधावर वाढलेली झाडे, समोरासमोर दोन प्रवेशमार्ग आणि बाजूंना दोन कोनाडे. पहिल्या शतकात, रोमन स्वारीनंतर काही दशकांतच, हे लाकडी आसनांसह बांधले गेले आणि तिसऱ्या शतकात मैदानाभोवतीची भिंत दगडी झाली. एकाने मध्यभागी उभे राहून साध्या आवाजात बोलावे आणि दुसऱ्याने बांधावरून ऐकावे. बांधाच्या चढावर हजारो माणसे बसत असत, हे सांगण्यापेक्षा असे ऐकून लवकर पटते.

गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी पूर्ण फेरीचा हट्ट धरू नये. चर्च ते दक्षिण दरवाजा हा तुकडा आणि नंतर ॲम्फिथिएटर, एवढे पाहिले तरी मुख्य ते पाहून होते. चाकांची खुर्ची किंवा बाबागाडी या वाटांवर चालत नाही.

पोशाख, शिदोरी आणि वागणूक

पायांत घोटा झाकणारे, पाणी आत न शिरणारे बूट हवेत. उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर वाटांवर चिखल असतोच आणि फाटकापाशी गुरांच्या खुरांनी तो अधिकच गाळ होतो. साडी नेसणाऱ्या आईंनी त्या दिवशी सलवार-कमीज किंवा पँट घालावी, कारण वाटेत कुंपण ओलांडण्याच्या लाकडी पायऱ्या आणि एका वेळी एकच माणूस जाईल अशी झुलती फाटके येतात. आभाळ निरभ्र दिसले तरी पातळ रेनकोट बरोबर असावा. मोकळ्या शेतात वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. उंच गवतात गोचीड असते आणि तिच्या चावण्याने लाइम नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून पँट मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर पाय, गुडघ्यांच्या मागचा भाग आणि मुलांची मान नीट तपासावी.

शिदोरी घरून न्यावी. दशम्या, थालीपीठ, चटणी, फळे आणि थर्मासमध्ये चहा एवढे पुरते. कचराकुंडीची अपेक्षा न ठेवता प्रत्येक कागद, साल आणि टिश्यू परत आणावे. स्वच्छतागृहाचा उपयोग निघण्यापूर्वी रेडिंग स्थानकावर करून घ्यावा, विशेषतः मधुमेह असलेल्यांनी याचे भान ठेवावे.

गुरे चरत असतील तर त्यांना लांबून वळसा घालावा, गाय आणि वासराच्या मधून कधीही जाऊ नये, आणि त्यांना काही खायला घालू नये. आपल्याकडे गाईला पोळी देण्याची रीत असली तरी ती तिथल्या शेतकऱ्याची जनावरे आहेत. जे फाटक बंद मिळाले ते आपण गेल्यावर पुन्हा बंद करावे आणि जे उघडे मिळाले ते उघडेच ठेवावे. वाट पिकातून जात असेल तर एकामागे एक चालावे.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की तिथून काहीही उचलून आणू नये. उंदराने किंवा सशाने उकरलेल्या मातीत कौलाचा तांबडा तुकडा दिसतो आणि आठवण म्हणून खिशात टाकावासा वाटतो. हे संरक्षित स्मारक आहे. १९७९ च्या कायद्यानुसार इथे परवानगीशिवाय खणणे किंवा धातुशोधक यंत्र वापरणे गुन्हा आहे. नियम बाजूला ठेवला तरी तो तुकडा ज्या जागी आहे त्या जागेमुळेच काही सांगतो. ठाण्याच्या शोकेसमध्ये तो नुसता खापराचा तुकडा होतो. छायाचित्र काढावे, हवे तर जागेची नोंद करावी आणि तिथेच राहू द्यावा.

वाट चुकल्यास किंवा पाय मुरगळल्यास तिकडचा आपत्कालीन क्रमांक ९९९ आहे. ११२ देखील चालतो. एकट्याने जात असाल तर परतण्याची वेळ मुलांना सांगून निघावे.

यानंतर पुढे कुठे

सिल्चेस्टर आवडले आणि मुले स्विंडनकडे राहत असतील, तर पुढची जागा विल्टशायरमधील एव्हबरी. पाच हजार वर्षांच्या आसपासचा खंदक, बांध आणि उभ्या शिळांचे प्रचंड वर्तुळ, आणि त्या वर्तुळाच्या आतच वसलेले गाव. स्टोनहेंजबरोबर १९८६ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले. स्टोनहेंजला महाग तिकीट आहे आणि शिळा दोरीपलीकडून पाहाव्या लागतात. एव्हबरीत शिळांमधून मोकळेपणी, विनामूल्य चालता येते. तिथे फक्त वाहनतळाचे आणि संग्रहालयाचे पैसे पडतात. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर सिल्बरी हिल हा मानवनिर्मित डोंगर आहे, त्यावर चढण्यास मनाई आहे. जवळच वेस्ट केनेट येथे सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे, शंभर मीटर लांबीचे दफनस्थान आहे. त्याच्या दगडी कक्षांत आत जाता येते, म्हणून छोटी विजेरी बरोबर घ्यावी. स्विंडनहून डिव्हायझेसकडे जाणारी ४९ क्रमांकाची बस एव्हबरीला थांबते. रविवारचे वेळापत्रक वेगळे असते, त्यामुळे परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच पाहून ठेवावी.